इसेन्शियल पॅकेजेस हाताळताना या चुका टाळा

डेबियन-उबंटू या लिनक्स प्रणालींमध्ये बॅश, कोअरयुटिल्स, ग्रेप, टार, डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारं मूळ साधन) अशा मोजक्या पॅकेजेसवर ‘इसेन्शियल: येस’ अशी नोंद असते. ती कायम हजर असणार हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून इतर पॅकेजेस त्यांना आपल्या डिपेंडन्सीत (चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या यादीत) लिहीत नाहीत. ठराविक आवृत्तीच हवी असेल तरच लिहितात. ग्रेप कोणाकोणाला लागतं हे डिपेंडन्सीच्या यादीवरून कळतच नाही. म्हणूनच ही पॅकेजेस काढताना एपीटी (पॅकेजेस टाकण्या-काढण्याचं साधन) मोठा इशारा देऊन इतका आडवा येतो.

तो इशारा न वाचता पुढे जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. साधं एखादं पॅकेज इन्स्टॉल करायला गेलात आणि ‘काढली जाणारी पॅकेजेस’ या मथळ्याखाली लांबलचक यादी आली, तर तिथेच थांबा. दोष बहुधा रिपॉझिटरीत (पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्यात) असतो: बाहेरची रिपॉझिटरी जोडलेली, दोन रिलीजची सरमिसळ झालेली किंवा अपडेट अर्धवट राहिलेलं. आधी एपीटी अपडेट चालवा. मग एपीटी पॉलिसीने कोणती आवृत्ती कुठून येतेय ते बघा, बाहेरची रिपॉझिटरी बंद करा आणि तीच कमांड ‘सिम्युलेट’ पर्यायाने (प्रत्यक्ष बदल न करता) चालवून यादी पुन्हा तपासा. डीपीकेजीच्या ‘फोर्स’ पर्यायांनी हा प्रश्न सुटत नाही, चिघळतो.

पॅकेज आधीच उडालं असेल तर उघडं असलेलं रूट (पूर्ण अधिकारांचं) टर्मिनल बंद करू नका, मशीनही रीस्टार्ट करू नका. टार गेलं असेल तर डीपीकेजी कामच सुरू करत नाही. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून मूळ पार्टिशन माउंट करावं लागतं. तिथे त्याच रिलीजची डेब फाइल (पॅकेजची फाइल) डीपीकेजी-डेबने उलगडा, सीएचरूट करून (माउंट केलेली प्रणालीच मूळ मानून) आत जा आणि ते पॅकेज रीइन्स्टॉल करा. एवढं नक्की करा, कारण नुसत्या फाइल्स परत आल्या तरी डीपीकेजीच्या नोंदीत पॅकेज आलेलं नसतं.

नावावरून फसगत होते ती बिल्ड-इसेन्शियलची. त्यावर ‘इसेन्शियल’ची नोंद नाही. जीसीसी, जी++, मेक वगैरे कंपाइलसाठी लागणारी साधनं एकत्र आणणारं ते पॅकेज आहे. सर्व्हरवर गरज नसेल तर खुशाल काढा.

पॅकेज बनवणाऱ्यांनी पर्ल या भाषेकडे लक्ष द्यावं. इसेन्शियल आहे ते पर्ल-बेस, आणि त्यात मोजकीच मॉड्यूल्स असतात. त्यापलीकडचं काही वापरलंत तर डिपेंडन्सीत पर्ल लिहायलाच हवं. पायथन तर या यादीत नाहीच.

कंटेनरमध्ये अल्पाइन या वेगळ्या, छोट्या लिनक्सवर आलात की डेबियनची गृहीतकं तिथे चालत नाहीत. मूळ इमेजमध्ये बॅश नसतं, बिझीबॉक्सचं ॲश हे छोटं शेल असतं. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असूनही ‘नॉट फाउंड’ आलं, तर फाइल शोधत बसू नका, तिची पहिली ओळ बघा. तिथे बॅशचा पाथ असेल तर डॉकरफाइलमध्ये बॅश इन्स्टॉल करा, नाहीतर स्क्रिप्ट साध्या एसएचसाठी लिहा.