जुनं कोल्ड्रिंकचं मशीन पुन्हा उभं करण्याजोगं आहे का, हे कसं ठरवावं

गोल कडांचं, नाणं टाकल्यावर काचेची बाटली देणारं जुनं अमेरिकी मशीन एखाद्या गोदामात धूळ खात पडलेलं दिसलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘थंड करतं का?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. थंड करणारा भाग बदलता येतो, गंजही काही प्रमाणात काढता येतो. अशी मशीनं खरी अडतात ती हरवलेल्या भागांपायी. म्हणून पैशांचं बोलण्याआधी टॉर्च, लोहचुंबक, मोजपट्टी, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर घेऊन तासभर मशीनपाशी घालवा.

आधी ओळख पटवा

दार उघडून आतली धातूची पट्टी शोधा. मॉडेल, अनुक्रमांक, विजेचा दाब आणि गॅसचा प्रकार बहुधा तिच्यावरच लिहिलेला असतो. कॅन्सस सिटीची व्हेंडो, चॅटानूगाची कॅव्हेलियर आणि फ्रेस्नोची व्हेंडोरलेटर ही कंपन्यांची नावं वारंवार भेटतील. मॉडेलचा आकडा अनेकदा बाटल्यांची संख्याच सांगतो. व्हेंडो 81 मध्ये 81 बाटल्या मावतात, व्हेंडो 44 मध्ये 44.

1950 च्या दशकातल्या गोलसर मशीनांना संग्राहकांकडून मोठी मागणी आहे. त्यानंतरच्या चौकोनी, सपाट दाराच्या मशीनांना ती तेवढी नाही. पण घासणं, पत्राकाम आणि रंग यांची मेहनत दोन्हींना सारखीच लागते, हे विसरू नका. दारावरची अक्षरं पत्र्यातच उठावाची आहेत की नुसतं स्टिकर आहे, तेही बोट फिरवून पाहा. स्टिकर नवं मिळतं. उठाव ठोकून सपाट झाला असेल, तर तो परत आणणं फार कठीण.

काय नाही, ते मोजा

हे काम सगळ्यात शांतपणे करा. नाणी तपासणारी यंत्रणा, बाटल्यांचे रकाने, बाटली सोडणारी यंत्रणा, हँडल, कुलूप, ओपनर, झाकणं पडायचा डबा आणि आतलं दार हे सगळं जागेवर आहे का? शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या पूर्ण मशीनचे फोटो शेजारी ठेवून एकेक भाग ताडून पाहा.

नाण्यांच्या यंत्रणेकडे विशेष लक्ष द्या. कोका-कोलाची छोटी बाटली 1950 च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी पाच सेंटला मिळत होती. भाव वाढला तशा यंत्रणा फिरवल्या, बदलल्या गेल्या. त्यामुळे आत दुसऱ्याच मशीनची यंत्रणा बसवलेली असणं शक्य आहे. चांगली गोष्ट अशी की 1965 मध्ये अमेरिकेने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतली चांदी काढली, तेव्हा नवी नाणी जुन्या मशीनांत चालतील अशीच घडवली. म्हणून मूळ यंत्रणा शाबूत असेल तर आजची नाणी टाकूनही ती तपासता येते.

बाटलीचं मापही जुळवून बघा. साडेसहा औंसाच्या, म्हणजे सुमारे 192 मिलिलिटरच्या बाटलीसाठी बनवलेल्या रकान्यात आजची मोठी बाटली अडकते.

किल्ली हरवली असेल तर कुलूपवाला मिळतो. पण दार बंद आहे आणि विकणाऱ्याने आत कधी पाहिलंच नाही, असं असेल तर आत काहीच नाही असं धरून भाव करा.

गंज कुठे आहे?

बाहेरचा गंज डोळ्यांत भरतो, पण निर्णय तळाशी होतो. आतलं पाणी खाली साठतं आणि मशीन वर्षानुवर्षं ओल्या फरशीवर उभं असतं. तळाचा पत्रा आणि पायांजवळचे कोपरे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आरपार गेलं तर वेल्डिंग आलं. चौकटच खचली असेल तर माझ्या दृष्टीने ते मशीन सुट्या भागांपुरतंच.

दारावरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे खाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चोरी टाळण्यासाठी जादा कडी-कुलपं लावायला पाडलेली भोकंही नेहमी आढळतात.

रंग मात्र लगेच घासायला घेऊ नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ विषारी असते.

मग वीज आणि थंडावा

प्लग लगेच लावू नका. जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असतं आणि अर्थिंग अनेकदा नसतंच. वायरी सोडवून कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधला रोध मोजा. सर्वांत मोठं माप उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकं यायला हवं, उदाहरणार्थ 2, 6 आणि 8 ओहम. कोणतंही टोक आणि कॉम्प्रेसरचं धातूचं कवच यांच्यात जोडणी दिसली, तर तो कॉम्प्रेसर गेला.

मापं बरोबर आली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची नवी वायर बसवून घ्या. मग आत पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर ठेवून मशीन दिवसभर चालवा. मशीन अमेरिकेबाहेर असेल तर ते 115 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी बनलेलं आहे हे ध्यानात ठेवा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही.

पट्टीवर आर-12 लिहिलेलं असेल तर गॅस हवेत सोडू नका. हा वायू ओझोनचा थर खातो आणि अमेरिकेत त्याचं उत्पादन 1996 पासून बंद आहे. तो प्रशिक्षित मेकॅनिककडूनच काढून घ्या. थंड करणारा भाग पूर्ण बदलायची वेळ आली, तरी एवढ्यावरून मशीन नाकारू नका.

शेवटी कागद-पेन्सिल

हरवलेले भाग, पत्राकाम, रंग, क्रोम, वाहतूक असा एकेक आकडा लिहा आणि बेरजेवर निम्मी रक्कम आणखी धरा. चांगल्या कारागिराकडून संपूर्ण काम करून घेतलं तर खर्च काही हजार डॉलरांत जातो. विकून फायदा काढायचा असेल, तर सर्वसाधारण मॉडेलमध्ये तो सुटणं अवघड आहे. मशीन घरातलंच असेल, वडिलांच्या दुकानातलं असेल, तर हिशेब वेगळा. तिथे मी खर्चाकडे कमी आणि तळाच्या पत्र्याकडे जास्त बघेन.

मूळ रंग बऱ्यापैकी टिकला असेल तर तो ठेवाच. धुऊन, मेण लावून, यंत्रणेला तेलपाणी करून मशीन चालू करणं स्वस्त पडतं, आणि एकदा घासलेला मूळ रंग पुन्हा मिळत नाही.

घ्यायचं ठरलंच, तर मशीन उभंच न्या. नाइलाजाने आडवं करावं लागलं, तर उभं केल्यावर दिवसभर तसंच राहू द्या. कॉम्प्रेसरमधलं तेल परत खाली बसलं की मगच प्लग लावा.