मृग लागण्याआधी औषधांचं गोदाम

गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून औषधांच्या स्टॉकिस्टने, म्हणजे घाऊक विक्रेत्याने, ही तयारी मे संपायच्या आत उरकावी. आधी कागद, कारण ते काम पटकन होतं: २०-बी आणि २१-बीचे, म्हणजे घाऊक औषधविक्रीचे परवाने दर्शनी लावलेले आहेत ना, खरेदी-विक्रीची ३ वर्षांची बिलं जागेवर आहेत ना, प्रत्येक बिलावर बॅच नंबर आहे ना, एवढं बघा आणि आत शिरा.

आत खरा शत्रू ओल. खोके भिंतीला टेकवू नका, जमिनीवर तर नाहीच. खाली पॅलेट हवेत. ॲस्पिरिनचं खोकं उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर दमटपणा गोळीपर्यंत पोचला म्हणून समजा आणि तो माल वेगळा काढा. तापमापक बहुतेक ठिकाणी मालकाच्या टेबलाजवळ, एसीखाली टांगलेला असतो. त्याने मालकाची सोय कळते, औषधाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गोदामातली सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागा शोधून मापक तिथे लावा. पत्र्याखालचा वरचा रॅक आधी तपासा.

फ्रीज २ ते ८ अंशांत राहतोय का, हे दिवसातून दोनदा लिहा. झाड पडून रात्री वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार, त्याचं नाव आणि फोन फ्रीजच्या दारावर चिकटवा. डिझेल आहे का, हेही बघून ठेवा.

माझ्या मते सगळ्यात दुबळा दुवा मात्र गोदामाबाहेर आहे. तपासणी गोदामाची होते. माल फार्मसीच्या काउंटरवर सहीसाठी पडून राहतो त्या अर्ध्या तासाची कोणी नोंद ठेवत नाही. इन्सुलिनच्या पेटीत आइस पॅक फ्रीझरमधून काढून थेट घालू नका: इन्सुलिन गोठलं तर फेकायचंच. पॅक बाहेर ठेवून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरा, तरीही मध्ये पुठ्ठा घाला. दिवाडी-चोडण बेटांवर जाणारी पेटी असेल, तर फेरीबोट बंद पडल्यास ती कुठे थांबणार हे डिलिव्हरीच्या पोराला आधीच सांगा. पेटी कोणाच्या हातात दिली आणि किती वाजता, हे चलनावर लिहून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. बनावट म्हटलं की सगळे खवळतात, पण साठवण-वाहतुकीत बिघडलेलं चांगल्या कंपनीचं औषधही या हिशेबात येतं.

ओआरएस, पॅरासिटामॉल, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या पावसाळ्यातल्या तापासाठी डॉक्सिसायक्लिन यांची ऑर्डर लवकर टाका. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की ट्रक अडकतात. एक्सपायरी-ब्रेकेजचा, म्हणजे मुदत संपलेला आणि फुटका माल कुलपात, लेबल लावून.

शेवटी रिकॉलची, म्हणजे विकलेला माल परत मागवण्याची रंगीत तालीम. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दरमहा दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी काढते. त्यातली एखादी नव्हे, आपल्या रॅकवरची कुठलीही एक बॅच उचला आणि ती फोंडा, डिचोली, म्हापशात कुठल्या दुकानांना गेली ते काढून दाखवायला सांगा. उत्तर यायला दुपार उलटली, तर बॅचवार विक्रीचा रिपोर्ट कसा निघतो ते सॉफ्टवेअरवाल्याला याच आठवड्यात विचारा.