संगीतातील पदवीची तीन वर्षे : अभ्यास कसा करावा

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात पदवी घ्यावयाची असे ज्याने ठरविले आहे, त्याने प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात एक छोटासा हिशेब मांडावा. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकाला साधारणपणे १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला अख्ख्या सत्रात १२० तास मिळतात, आणि तेही वर्गातील इतर विद्यार्थ्यांबरोबर वाटून घ्यावे लागतात. घरी रोज दोन तास बसणारा विद्यार्थी तेवढे तास दोन महिन्यांत पुरे करतो. गळा तयार करण्याचे काम महाविद्यालयाकडून होणार नाही, हे या हिशेबातून उघड होते. महाविद्यालयाकडून मिळते ती रागांची व्याप्ती, शास्त्राची ओळख, बरोबरीने गाणाऱ्यांची सोबत आणि ठरलेल्या तारखेला गायलाच हवे असा धाक. घरचा रियाज एकीकडे आणि अभ्यासक्रम दुसरीकडे असे दोन संसार न चालविता ते एकमेकांत कसे गुंफावेत, हाच या अभ्यासातला खरा प्रश्न आहे. पुढील सूचना त्याच दृष्टीने केल्या आहेत. त्या मुख्यतः गायनाच्या विद्यार्थ्याला उद्देशून आहेत.

अभ्यासक्रम निवडताना

संगीताची पदवी म्हणून जे ओळखले जाते त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एका प्रकारात कला शाखेच्या इतर विषयांबरोबर संगीत हा एक विषय असतो. दुसऱ्यात संगीत हाच मुख्य विषय असून प्रात्यक्षिकाला मोठा वाटा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठ आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ यांचे संगीत विभाग, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रयोगजीवी कलांची शाखा अशी ठिकाणे मराठी विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत. माहितीपत्रकातील विषयांची यादी वाचून निर्णय घेऊ नये. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती, एका गुरूपुढे किती विद्यार्थी बसतात आणि वर्गात तबल्याची साथ रोज असते की परीक्षेपुरतीच, हे तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. यांतला शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वर्षभर ताल-यंत्राबरोबर गाऊन ऐन परीक्षेच्या दिवशी प्रथमच माणसाच्या ठेक्याशी गाठ पडली म्हणजे काय होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हा वेगळा मार्ग आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ही शिडी पुष्कळांनी शाळेतच निम्मी चढलेली असते आणि तिचा उपयोगही होतो. परंतु विशारद आणि विद्यापीठाची पदवी यांना कोठे समकक्ष धरावयाचे हे ती ती संस्था ठरविते. पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा अध्यापन करावयाचे असेल, तर याविषयीचे उत्तर संबंधित संस्थेकडून लेखी घ्यावे.

प्रवेशाच्या चाचणीत दरबारी किंवा मियाँ मल्हार गाण्याचा मोह टाळावा. यमन किंवा भूप घेऊन विलंबित ख्याल आणि एक द्रुत बंदिश स्वच्छ सुरात, ठेका न सोडता मांडावी. परीक्षकाला पाहावयाचे असते ते सुराचे आणि लयीचे भान, आणि ते मोठ्या रागांच्या आड झाकले जात नाही.

रियाज आणि तंबोरा

आपली पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर आपला षड्ज धरावयाचा ती पेटीची पट्टी, पहिल्या सत्रातच निश्चित करावी. पुरुषांना साधारणपणे काळी एक ते काळी दोन आणि स्त्रियांना काळी चार ते काळी पाच सोयीची पडते, तरी खर्ज आणि तार सप्तक दोन्हीकडे आवाज कोठवर मोकळा जातो हे गुरूसमोर तपासूनच पट्टी ठरवावी. मैत्रिणीच्या पट्टीत गाणे वर्गात सोयीचे असले, तरी गळ्याला ते पुढे महागात पडते.

तंबोरा स्वतः जुळविता येणे ही पहिल्या वर्षाची अर्धी कमाई आहे असे मला वाटते. मोबाइलमधील तंबोरा प्रवासात आणि वसतिगृहात उपयोगी पडतो, यात वाद नाही. परंतु तो नेहमी जुळलेलाच असतो, त्यामुळे बेसूर तार सुरात कशी येते हे ऐकण्याची संधी तो कधी देत नाही. तारा जुळविताना, घोडीवर तारेखाली घातलेला जवारीचा दोरा किंचित सरकवून आस, म्हणजे तारेचा रेंगाळणारा नाद, मोकळी करताना कान जे शिकतो ते पलट्यांनी (स्वरांच्या ठरावीक क्रमांच्या सरावाने) शिकत नाही. पंचम वर्ज्य असलेल्या रागांत पहिली तार बदलावी लागते; मालकंसात ती मध्यमात लावतात आणि मारवा-पुरियात बहुधा निषादात. हे एकदा हाताने केले, की वर्ज्य स्वर म्हणजे काय हे वेगळे पाठ करावे लागत नाही. वाद्य विकत घ्यावयाचे असल्यास मिरजेच्या सतारमेकरांकडे प्रत्यक्ष जाऊन, तारा छेडून, आपल्या पट्टीचे वाद्य निवडावे. हार्मोनियमचा रियाजात सतत आधार घेऊ नये. पेटीचे ठोकळेबंद स्वर मींड आणि श्रुती यांच्यापर्यंत पोचू शकत नाहीत.

रोजच्या दोन तासांची वाटणी प्रत्येकाची वेगळी असेल. तरी पहाटे किंवा सकाळी खर्ज आणि दीर्घ स्वर, त्यानंतर पलटे आणि शेवटी चालू राग, हा जुना क्रम मोडण्याचे कारण मला अद्याप सापडलेले नाही.

राग जोडीने बसवावेत

अभ्यासक्रमात एका वर्षाला अनेक राग असतात आणि विद्यार्थी ते यादीतल्या क्रमाने, एकेक करून उरकतो. आरोह, अवरोह, वादी (रागातला मुख्य स्वर), संवादी (त्याच्या खालोखालचा), पकड, एक बंदिश, पाच ताना, की झाला राग. या पद्धतीने परीक्षा निभावते आणि राग मात्र हाती लागत नाही. त्याऐवजी समप्रकृतिक, म्हणजे स्वरांनी मिळतेजुळते, राग शेजारी ठेवून शिकावेत.

भूप आणि देशकार हे याचे उत्तम उदाहरण. दोघांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत, तर देशकाराचा वादी धैवत आणि संवादी गंधार. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो, देशकार उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात). एवढे पाठ केल्यानंतर पुढची पायरी अशी की, दहा मिनिटे भूप आळवावा आणि मग केवळ धैवतावर मुक्काम वाढवून, रिषभाला दुबळा करून, त्याच स्वरांतून देशकारात शिरून पाहावे, आणि पुन्हा गंधारावर विसावून परत यावे. त्यानंतर शुद्ध कल्याण घ्यावा. त्याचा आरोह भूपासारखा, परंतु अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून डोकावतात. या तीन रागांत आठवडाभर ये-जा केलेल्या विद्यार्थ्याला वादी स्वर म्हणजे नेमके काय, हे कोणीही पुन्हा समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

दुसरा असा गट मारवा, पुरिया आणि सोहनी यांचा. तिन्हींत कोमल रिषभ व तीव्र मध्यम आहेत आणि पंचम वर्ज्य आहे. मारव्यात रिषभ-धैवताचे वर्चस्व असून षड्ज मुद्दाम झाकलेला राहतो. पुरिया गंधार-निषादावर, मंद्र-मध्य सप्तकांत वावरतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास झळकते. मारव्यातला कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात षड्ज-पंचम भावही (सा आणि प यांच्यातले अंतर) नाही, आणि तरीही त्यांना वादी-संवादी म्हणतात. वर्गात हा प्रश्न जरूर उपस्थित करावा. त्यावरची चर्चा एका तासाच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जाते.

अशा प्रत्येक गटासाठी वहीत दोन पाने राखावीत. एका पानावर चलन (रागाची स्वरांतून चालण्याची रीत) आणि बंदिशी असाव्यात, तर दुसऱ्यावर श्रवणाच्या नोंदी. ‘आमीर खाँ यांचा मारवा ऐकला, फार सुंदर’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘षड्जावर पहिला स्पष्ट मुक्काम किती वेळाने आला, रिषभावरून धैवताकडे कोणत्या वाटेने गेले, सम कशी गाठली’ असे लिहिले, तर ती पुढच्या रियाजाची टाचणे होतात. प्रत्यक्ष मैफली चुकवू नयेत. पुण्यात डिसेंबरमध्ये होणारा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, जो १९५३ पासून चालत आला आहे, तिथे विद्यार्थ्याने एका दिवसात चार कलाकार ऐकण्यापेक्षा एकच मैफल वही घेऊन ऐकावी.

लिपी आणि लय

विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर या दोघांच्या स्वरलिपी अभ्यासक्रमात असतात, आणि घोटाळा होतो तो चिन्हे सारखी असल्यामुळे. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवितो आणि मध्यमावरची उभी रेघ तीव्रता; पलुस्कर लिपीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तकाचा, तर उभी रेघ तार सप्तकाची. तालाच्या खुणाही तशाच: भातखंडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिले व खालीला (टाळी न देण्याच्या जागेला) शून्य लिहितात, पलुस्कर समेला १ व खालीला अधिक. उपाय एकच आहे. आपल्या तोंडपाठ असलेली एक बंदिश दोन्ही लिपींत स्वतः लिहावी, आठवड्याने त्या कागदावरून ती जणू अनोळखी आहे अशी वाचून गावी.

लयकारीत विद्यार्थी ठेके पाठ करतात आणि दुगुण-तिगुण (दुप्पट-तिप्पट लय) कोठून सुरू करावयाची हे मात्र अंदाजाने ठरवितात. एका आवर्तनात समेवर येण्यासाठी तालाच्या मात्रांना पटीने भागावे, आलेली संख्या एकूण मात्रांतून वजा करावी आणि उरलेल्या जागेनंतर सुरुवात करावी. झपतालाच्या १० मात्रांची दुगुण ५ मात्रांत बसते, म्हणून ती सहाव्या मात्रेपासून सुरू होते. चौगुण अडीच मात्रांत बसते, म्हणून ती आठव्या मात्रेच्या मध्यावर. आणि तिगुणीला ३⅓ मात्रा लागत असल्याने ती सातव्या मात्रेचे दोन-तृतीयांश गेल्यावर. हे कागदावर मांडून झाल्यावर हातावर टाळी-खाली धरून ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ मोठ्याने म्हणावे. तबल्याच्या विद्यार्थ्यांशी मैत्री असावी हे सांगावयास नकोच. त्यांना लेहरा (तालाच्या आवर्तनाची पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरणारा हवा असतो आणि गायकाला ठेका धरणारा.

शास्त्राचा अभ्यास

शास्त्राच्या पेपराविषयी गाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात एक तुच्छता असते, आणि ती बहुधा पाठांतराच्या कंटाळ्यातून आलेली असते. प्रत्येक व्याख्येला गाण्यातला एक दाखला जोडावा, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी घेतलेले सात स्वरांचे गट, शिकताना भूप कल्याण थाटात का घातला, असे विचारावे. कारण भूपात मध्यम आणि निषाद नाहीतच, मग थाट ठरविणारा तीव्र मध्यम कोठून आणला? आणि त्याच पाच स्वरांचा देशकार बिलावल थाटात कसा गेला? उत्तर चलनात आणि परंपरेत आहे, केवळ स्वरांच्या यादीत नाही. थाटपद्धतीची उपयुक्तता आणि तिची मर्यादा या दोन्हींवर परीक्षेत लिहिता येईल असे याहून चांगले उदाहरण नाही.

एका मेलातून (थाटातून) ४८४ राग कसे होतात, हाही नेहमीचा प्रश्न. आरोहात सहा स्वर घ्यावयाचे तर षड्ज कायम ठेवून उरलेल्या सहांतला एक वगळण्याचे ६ मार्ग, पाच घ्यावयाचे तर दोन वगळण्याचे १५ मार्ग, आणि संपूर्णाचा १. असे २२ आरोह आणि २२ अवरोह होतात. २२ गुणिले २२ म्हणजे ४८४. नऊ जातींचा (आरोह-अवरोहातील स्वरसंख्येच्या जोड्यांचा) तक्ता पाठ करण्यापेक्षा हे एकदा समजून घेणे सोपे.

अहोबलाने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात तारेच्या लांबीवर स्वरस्थाने सांगितली. ३६ इंचांची तार मोकळी छेडली असता षड्ज धरला, तर २७ इंचांवर मध्यम, २४ इंचांवर पंचम आणि १८ इंचांवर तार षड्ज मिळतो. मोजपट्टी घेऊन एखाद्या तंतुवाद्यावर हे करून पाहण्यास अर्धा तास लागतो. ग्रंथांचा इतिहास वाचताना त्यांना भूगोलही द्यावा: शार्ङ्गदेवाचा ‘संगीत रत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे आपल्याच मुलखात, आजच्या दौलताबादेत.

गुरू दोन, परीक्षा एक

बाहेर एखाद्या घराण्याच्या गुरूकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्याची कोंडी नेहमीची आहे. गुरूने सांगितलेले रागाचे रूप आणि क्रमिक पुस्तकातले रूप जुळत नाही. विभास तर भैरव थाटाचाही आहे आणि मारवा थाटाचाही. अशा वेळी लेखी उत्तरात पुस्तकातले मत प्रथम द्यावे आणि ‘मतांतर’ म्हणून गुरूचे मत नोंदवावे. प्रात्यक्षिकात गुरूचेच रूप गावे, पण बैठकीला सुरुवात करताना परीक्षकांना तसे नम्रपणे सांगावे. कोणत्याही परीक्षकाला न सांगता केलेला बदल चूक वाटतो. सांगून केलेला बदल तो कान देऊन ऐकतो.

मंचप्रदर्शनासाठी राग निवडताना सत्रात सर्वांत आधी बसविलेला राग घ्यावा, शेवटी शिकलेला नव्हे. वीस मिनिटे मिळणार असतील, तर घड्याळ लावून किमान पाच वेळा तेवढ्याच वेळात संपूर्ण मांडणी करावी, कारण बहुतेकांचा विलंबित ख्याल लांबतो आणि द्रुत बंदिशीचा अंतरा म्हणण्याआधीच घंटा वाजते. तबलजींना आधी भेटून ताल आणि लय हातावर दाखवावी. नुसते ‘विलंबित एकताल’ म्हटल्याने प्रत्येकाच्या मनात वेगळी लय उमटते. मौखिकासाठी यादीतल्या प्रत्येक रागाची दोन मिनिटांची आलापी तयार असावी आणि परीक्षकांनी ‘याच्या शेजारचा राग दाखवा’ असे म्हटले, तर वहीतली ती जोडीची पाने तेथे कामी येतात. तंबोरा मात्र खोलीत शिरल्यावर नव्हे, बाहेर बसूनच जुळवावा. आत गेल्यावर फक्त एकदा छेडून खात्री करावी.