फेसबुक खातं कायमचं मिटवण्याआधी काय काय उरकायचं

फेसबुकचं खातं मिटवायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. त्याआधीची आवराआवर मात्र एका बैठकीत होत नाही. तिच्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा आणि डिलीटचं बटण अगदी शेवटी दाबा. क्रम चुकला तर जुने फोटो आणि दुकानाचं पेज जातं, शिवाय फेसबुकवरून लॉगिन होणारी दुसरी खातीही अडकून पडतात.

आधी एक नक्की करा: डिॲक्टिव्हेट हवं की डिलीट? डिॲक्टिव्हेट केलं की प्रोफाइल लोकांना दिसेनासं होतं, पण माहिती सगळी जागच्या जागी राहते आणि पुन्हा लॉगिन करताच खातं जसंच्या तसं उघडतं. आपला डेटा जावा अशी इच्छा असेल तर त्याचा उपयोग नाही. डिलीटमध्ये मेसेंजरही जातं, तेव्हा ज्यांच्याशी बोलणं फक्त तिथेच होतं त्यांचे नंबर आधी मागून घ्या. व्हॉट्सॲपला धक्का लागत नाही. इन्स्टाग्राम त्याच अकाउंट्स सेंटरमध्ये (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची सेटिंग्ज जिथे एकत्र असतात ते पान) दिसलं तरी ते वेगळं मिटवावं लागतं.

मग खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तपासा. दहा वर्षांपूर्वीचं सिम कधीच बंद झालेलं असतं, आणि बंद नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तुमचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. खातं उघडं आहे तोवर चालू नंबर घाला, जुना काढा. पासवर्डच आठवत नसेल तर पूर्वी ज्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून खातं वापरत होता, तिथूनच ते परत मिळवण्याचा प्रयत्न करा, कारण ओळखीच्या उपकरणावरून यश येण्याची शक्यता जास्त असते. पैसे घेऊन खातं उघडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, तुमचं ओळखपत्र त्यांच्या हाती जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, स्वतःच्या माहितीची प्रत. अकाउंट्स सेंटरमधल्या ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’मध्ये डाउनलोडचा किंवा एक्स्पोर्टचा पर्याय आहे. इथे तीन ठिकाणी चूक होते. तारखेचा कालावधी मुद्दाम ‘ऑल टाइम’ करा, नाहीतर जुनी वर्षं प्रतीत येतच नाहीत. मीडिया क्वालिटी ‘हाय’ ठेवा, कारण कमी दर्जात उतरवलेला फोटो नंतर छापायला घेतला की धूसर दिसतो. फॉरमॅट घरी वाचण्यासाठी एचटीएमएल घ्या, ते ब्राउझरमध्ये वेबपेजसारखं उघडतं. जेएसओएन दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्यासाठी असतो. फाइल तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात आणि तयार झाल्यावर ती उतरवायला चारच दिवस मिळतात, म्हणून मागणी नोंदवल्यापासून ईमेलवर लक्ष ठेवा. बऱ्याचदा एकाऐवजी पाचसात झिप फाइली येतात. एकही राहू देऊ नका. फोनची जागा मधेच भरते, त्यामुळे हे काम कॉम्प्युटरवर करा, पण सायबर कॅफेत किंवा ऑफिसात नको, कारण त्या फाइलीत तुमचे खासगी मेसेज असतात. उतरल्यावर सगळ्यात जुना अल्बम, सगळ्यात नवा अल्बम आणि एखादं मेसेजचं संभाषण उघडून पाहा, मगच पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर दुसरी प्रत काढा.

इतरांनी टाकलेले तुमचे फोटो या प्रतीत येत नाहीत. मामेभावाच्या अल्बममधले लग्नाचे फोटो एकेक करून हाताने उतरवावे लागतात, आणि खातं गेल्यावर तो अल्बम तुम्हाला बहुधा दिसणारही नाही. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

यानंतर सेटिंग्जमधलं ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ उघडा. ‘लॉगिन विथ फेसबुक’ करून वापरत असलेल्या प्रत्येक ॲपमध्ये आधी ईमेल आणि स्वतंत्र पासवर्ड लावा, तो एकदा वापरून पाहा, मग फेसबुकची जोडणी तोडा. पेजवर पूर्ण नियंत्रण असलेले तुम्ही एकटेच असाल तर खात्याबरोबर पेजही जाईल. दुकान, मंडळ किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पेज असेल तर दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला पूर्ण अधिकार द्या आणि तिने निमंत्रण स्वीकारल्याची खात्री करा; नुसतं निमंत्रण पाठवून भागत नाही. ग्रुपलाही नवा ॲडमिन नेमा. जाहिरातींची थकबाकी भरून टाका.

शेवटी अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्स, मग ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’, मग ‘डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन’ असं जा. खातं निवडताना नाव दोनदा वाचा, ‘डिलीट’ निवडा, पासवर्ड द्या. लगेच सगळ्या फोनवरून, टॅबवरून ॲप काढा आणि ब्राउझरमधला साठवलेला पासवर्ड पुसा. पुढच्या ३० दिवसांत लॉगिन केलं तर डिलीट रद्द करण्याचा पर्याय समोर येतो, आणि घरातल्या कुणाचं बोट चुकून त्यावर पडलं की मेहनत वाया. विनंती केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

३० दिवसांनंतर खातं परत मिळत नाही, पण सगळी सामग्री पुसली जायला विनंतीपासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि बॅकअपमधल्या काही प्रती त्यानंतरही राहू शकतात. भारतात माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती खातं बंद झाल्यावरही कंपनीला १८० दिवस ठेवावी लागते. तुम्ही मित्रांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये तसेच राहतात. नको असलेला एखादा मेसेज मागे घ्यायचा असेल तर तो खातं चालू असतानाच घ्या, नंतर मार्ग उरत नाही.

तीन महिन्यांनी स्वतःचं नाव गूगलवर शोधा. जुनं प्रोफाइल अजून दिसत असेल तर गूगलच्या कालबाह्य मजकूर काढण्याच्या फॉर्ममध्ये ती लिंक द्या. प्रोफाइल फेसबुकवरच जिवंत असेल तर फेसबुकच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नियमाप्रमाणे २४ तासांत पोच मिळायला हवी. निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्या वेळी डिलीटच्या विनंतीचा स्क्रीनशॉट लागेल, म्हणून तो बटण दाबतानाच काढून ठेवा.