बर्फ विरघळत नाही : पदार्थाच्या अवस्था शिकताना या चुका टाळा

ऐरोलीत माझ्याकडे सहावी-सातवीची मुलं शिकवणीला येतात. पदार्थाच्या अवस्थांचा धडा त्यांना सोपा वाटतो आणि गुण नेमके तिथेच जातात. वह्या तपासताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे : मुलांना कळलेलं असतं बरंचसं बरोबर, गोची होते ती शब्दांची. घरात जे बोलतो तेच पेपरात उतरतं.

‘बर्फ विरघळला’ हेच घ्या. सरबतातला खडा दिसेनासा झाला की आपण सगळेच असं म्हणतो, मीसुद्धा. पण बर्फ वितळतो. विरघळते ती साखर. वितळायला फक्त उष्णता पुरते. विरघळायला मात्र दुसरा पदार्थ लागतो, ज्यात मिसळून जाता येईल. ताटलीत मिठाचं पाणी दोन दिवस उन्हात ठेवा, मीठ तळाशी परत हजर! भांडुप-कांजूरच्या मिठागरांचं कामही असंच चालायचं. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि बाकीचं उन्हावर सोडायचं. ‘पाण्याची वाफ १०० अंशांनाच होते’ असं लिहिणाऱ्यांना मी याच मिठागरांची आठवण करून देते. तिथे कोणी पाणी उकळायला ठेवलं नव्हतं. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला पृष्ठभागावरून होत राहतं. उत्कलन, म्हणजे उकळणं, ठरावीक तापमानाला आणि सगळ्या द्रवात होतं.

दुसरा लबाड शब्द म्हणजे ‘वाफ’. किटलीच्या तोटीतून पांढरा ढग निघतो, त्याला आपण वाफ म्हणतो. खरं तर ते पाण्याचे बारीक थेंब असतात, म्हणजे द्रवच. खरी वाफ दिसतच नाही. तोटीचं तोंड आणि ढगाची सुरुवात यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा दिसते ना, तिथे ती असते. लांबूनच बघा, हात नेऊ नका. वाफेचं पाणी होताना ती बरीच उष्णता सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे, हे विचारलं की वर्ग एका सुरात ‘हवेचे!’ म्हणतो. पाणी तापायला लागल्यावर भांड्याच्या कडेला चिकटलेले छोटे बुडबुडे हवेचे, हे खरं. ती हवा आधी पाण्यात विरघळलेली होती (इथे ‘विरघळलेली’च बरोबर). नंतर खदखदून वर येतात ते मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटणारा घाम आतून झिरपतो असं मोठ्या माणसांनाही वाटतं. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर झाकण घट्ट लावलेली, कोरडी पुसलेली थंड बाटली त्यावर ठेवा. थेंब जमतील तसं वजन वाढतं. पाणी आतून बाहेर आलं असतं तर काट्यावरचा आकडा हलला नसता. हवेतलं बाष्प गार काचेवर द्रव झालं, हे संघनन. आपल्याकडे खाडीकाठच्या दमट हवेत हा प्रयोग झकास जमतो. तोच मे महिन्यात नागपूरच्या मामाकडे केलात तर बाटली तितकी भिजणार नाही. तिथल्या माठातलं पाणी आपल्यापेक्षा गार का होतं, याचं उत्तरही त्याच कोरड्या हवेत आहे.

प्रयोगवहीत सर्वांत जास्त घोळ होतो तो बर्फ आणि तापमापीचा. बर्फ वितळत असताना पारा ० अंशावर थांबतो, आणि मुलांना वाटतं तापमापी बिघडली. मग वहीत १, २, ३ असे चढते आकडे ‘बनवले’ जातात, आलेखात सरळ तिरकी रेघ येते. खऱ्या आलेखात ० अंशावर येणारा सपाट भाग हाच तर प्रयोगाचा जीव! दिलेली उष्णता त्या वेळी अवस्था बदलण्यात खर्च होत असते. एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापेल. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात हीच लपलेली उष्णता मोजली होती, म्हणून तिचं नाव अप्रकट उष्मा.

आकडा खरंच चुकत असेल तर आधी हे बघा : तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकलाय का, बर्फ बारीक फोडलाय का, मधूनमधून ढवळताय का. फ्रीझरमधून काढलेला बर्फ ० पेक्षा बराच थंड असतो, त्यामुळे तो ओला होईपर्यंत थांबा. ताप मोजायची तापमापी अजिबात वापरू नका, तिची मजल ४२ अंशांपर्यंतच. एका मुलाचा आकडा उणे ६ आला होता. खोदून विचारल्यावर कळलं, पॉट आइस्क्रीमसारखं त्यानं बर्फात मीठ घातलं होतं!

उकळत्या पाण्याचा आकडा ठाण्यात १०० च्या आसपास येतो, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. महाबळेश्वरला तो सुमारे ९५ येईल, आणि तिथे तोच बरोबर.

आकृती काढताना वायूचे कण फुगवून मोठे काढू नका. कण तेवढेच राहतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं. द्रवाचे कणही जवळजवळच काढा. पुष्कळ मुलं ते स्थायू आणि वायूच्या बरोबर मधोमध, विरळ काढून मोकळी होतात.

रवा ओतता येतो म्हणून तो द्रव नाही, एकेक कण स्थायूच आहे. आणि संप्लवनाचं (स्थायूचा द्रव न होता थेट वायू होण्याचं) उदाहरण म्हणून कापूर लिहिणार असाल तर देव्हाऱ्यातल्या डबीत नुसता ठेवून झिजणारा कापूर लिहा. आरतीत पेटवलेला नको, तो जळतो.