गोधडीचा मूड रंगात कमी, टाक्यांत जास्त

माझी पहिली गोधडी बहिणीच्या बाळासाठी होती. फिका पिवळा, पिस्ता, पांढऱ्यावर बारीक ठिपके. नुसती कापडं निवडण्यात दोन आठवडे गेले. मग मशीनवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ टिपा मारल्या. दिसायला सुरेख झाली. पण बाळाभोवती गुंडाळायला गेले तर गुंडाळलीच जाईना, पुठ्ठ्यासारखी ताठ. रंग इतके मऊ आणि स्पर्श असा, याचं मला फार वाईट वाटलं. नवीन शिकणाऱ्यांना मी हे आधी सांगते, कारण बहुतेक जण सगळा जीव रंगात ओततात आणि शिलाई कशी करायची हे शेवटी, थकलेल्या हातांनी ठरवतात.

प्रत्येक टीप तिन्ही थर, म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि अस्तर, एकत्र बांधते. टिपा जवळजवळ आल्या की थरांना हलायला जागाच उरत नाही. तीन-चार इंचांचं अंतर ठेवलं तर तीच गोधडी अंगावर ओघळते. किती अंतर चालेल हे भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. ते जरूर वाचा, नाहीतर धुतल्यावर भरण आतल्या आत सरकून त्याचे गोळे होतात. दाट टिपा वाईट असतात असं मात्र नाही. भिंतीवर टांगायची असेल तर मला त्याच आवडतात. एखादं पान मोकळं सोडून त्याच्याभोवती पाव-पाव इंचावर टिपा घातल्या की भोवतालचा भाग दबतो आणि पान फुगून वर येतं.

उरलेल्या त्याच कापडांतून मी दुसरी गोधडी केली. या वेळी कापड आधी धुतलं नाही, भरण सुती घेतलं आणि हाताने धावदोरा घातला: आठ नंबरचा जाड सुती दोरा, इंचाला चार-पाच टाके, ओळींमध्ये तीन इंच. धुऊन वाळल्यावर ती हातात घेतली तो क्षण मी विसरणार नाही. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं. ते आटलं, तसं कापड प्रत्येक टाक्याशी बारीक चुणीत गोळा झालं. तोच पिवळा, तेच ठिपके, पण गोधडी वर्षानुवर्षं वापरातली वाटत होती. पॉलिस्टरचं भरण असं आटत नाही. ते फुगीर आणि गुळगुळीत राहतं, त्यामुळे गोधडी नवीकोरी दिसत राहते. (गडद लाल कापड मात्र आधी धुवाच. त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला की मन खट्टू होतं.)

दोऱ्याचं गणित उलटं आहे: नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. पन्नास नंबरचा, कापडाच्याच रंगाचा दोरा घेतला तर टाका दिसत नाही, फक्त उंचसखलपणा दिसतो. जाड आणि वेगळ्या रंगाचा दोरा घेतलात तर तुमचा हात दिसतो, टाक्याची लहानमोठी लांबीसुद्धा. मला हेच प्रिय आहे. सरळ रेषांनी गोधडी शांत, थोडी गंभीर होते. गोलाव्यांनी तीच खेळकर वाटते.

कापड निवडताना रंगाआधी गडद-फिकं बघा. तुकडे जमिनीवर मांडून डोळे किलकिले करा, किंवा कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून गेले, तर दोन्हींचा गडदपणा सारखा आहे आणि तुमची नक्षी लांबून हरवणार. सगळंच जवळपास सारखं ठेवलं तर धुक्यासारखा शांतपणा येतो. तोही हवा असू शकतो, फक्त तो जाणूनबुजून आणा.

विटलेल्या कापडाबद्दल मला विशेष ओढ आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड इथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यानंतर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. अंगावर झिजलेल्या कापडात एकच निळा सगळीकडे सारखा राहत नाही. कुठे फिकट, कुठे खिशाखाली जपला गेलेला गडद. तो उतार विकतच्या कापडात सापडत नाही. पण जुनं कापड उजेडासमोर धरून बघा. विरलेलं दिसलं तर त्यामागे पातळ मलमल लावा, नाहीतर ते टाक्याशीच फाटेल.

आता मी कुठल्याही गोधडीआधी एक फूट चौरस नमुना करते: तेच कापड, तेच भरण, तोच दोरा. तो धुते, वाळवते, मुठीत चुरगाळून गालाला लावून बघते. नमुन्यांची एक पेटीच भरली आहे. प्रत्येकाच्या पाठीवर भरणाचा प्रकार, दोऱ्याचा नंबर आणि ओळींमधलं अंतर लिहिलेलं आहे, आणि सगळ्यात वर आहे पिवळा-पिस्ता, अर्ध्या इंचावर टिपा मारलेला.