प्रगत जनुकशास्त्राला बसण्याआधी

एम.एस्सी.चे तास सुरू व्हायला थोडे दिवस असतील, तर आधी कांदा आणा. नाशकात तो शोधावा लागत नाही. बूड पाण्याला टेकेल असा ग्लासावर ठेवा, कोवळी मुळं फुटली की सकाळीच टोकं कापा आणि तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये टाका. आम्ल, ॲसिटोकार्माइन (गुणसूत्रं रंगवणारा रंग) आणि पुढचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांना-मॅडमना विचारून. कांद्याची गुणसूत्रं मोठी आणि १६च असतात, म्हणून स्लाइड जमली तर मोजता येतात. एक तरी पेशी स्वतः मोजा. मुळाच्या टोकात फक्त मायटोसिस, म्हणजे वाढीसाठीचं साधं पेशीविभाजन, दिसतं. मायोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, पाहायचं तर न उमललेल्या कळीतले परागकोश हवेत. ओळखीच्या कुणी बियाण्यासाठी डोंगळे लावले असतील तर चार कळ्या मागून घ्या.

मायोसिस मात्र कागदावरही यायलाच हवं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, गुणसूत्रांच्या दोन जोड्या काढा, क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) दाखवा, चारही पेशींपर्यंत जा. मेंडेलचे दोन्ही नियम (जोडीतली जनुकं वेगळी होणं आणि वेगवेगळ्या जोड्यांचं स्वतंत्र वाटप) चित्रात नेमके कुठे घडतात, तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. मग थ्री-पॉइंट क्रॉसची, म्हणजे संकरातून तीन जनुकांचा क्रम आणि अंतर काढण्याची, गणितं अवघड वाटत नाहीत: संततीतले सर्वांत कमी संख्येचे दोन गट दुहेरी क्रॉसिंग ओव्हरचे, आणि मधलं जनुक तेच सांगतात. स्टर्टेव्हंटने १९१३ साली पहिला जनुकनकाशा छापला तो अशाच मोजणीवर. काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षेशी जुळतात का ते तपासणारी चाचणी, जाता जाता उजळून घ्या.

रेणूंकडे वळताना, जनुकं कशाची बनतात आणि डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारे प्रयोग क्रमाने वाचा: ग्रिफिथ १९२८, एव्हरी आणि सहकारी १९४४, हर्शी-चेस १९५२, मेसेल्सन-स्टाल १९५८. निष्कर्ष पाठ करू नका. कोणतं दुसरं उत्तर बाद झालं ते लिहा. मेसेल्सन-स्टालमध्ये जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्यावर आणले आणि डीएनए घनतेनुसार पट्ट्यांत वेगळा केला. पहिल्या पिढीत एकच मधला पट्टा आला, तिथे डीएनएची जुनी साखळीजोडी अखंड राहते हे मत गेलं. दुसऱ्या पिढीत मधला आणि हलका असे दोन पट्टे आले, तेव्हा जुना-नवा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी मिसळतो हे मतही गेलं.

शेवटी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत हा आजार आहे, त्यामुळे तो केवळ परीक्षेपुरता नाही. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा भाग) जनुकात डीएनएच्या तीन अक्षरांत जीएजीचं जीटीजी होतं, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. आई-वडील दोघेही वाहक (जनुकाची एकच प्रत बदललेली) असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के का, हे घरच्यांना समजेल अशा मराठीत बोलून पाहा.